लालबीच्या मनगटाची काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. तुमच्या बोटाएवढी लांब, आरपार दिसणारी. पुण्यातल्या एका इस्पितळाच्या कपाटात माझ्यासारख्या पुष्कळजणींबरोबर मी राहते.

१९६३ साली माझ्यावर एका बाईच्या हाडातला कण ठेवला गेला. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेला. त्याला गुलाबी-जांभळा रंग दिला, वर नाजूक काच चिकटवली. सूक्ष्मदर्शकाखाली मला धरलं की आजार ओळखता येतो, असं सगळे म्हणत.

ती बाई म्हणजे यवतची लालबी. बाजारात बसून ती बायकांना बांगड्या भरायची. शेजारच्या खुटबाव गावच्या लेकीबाळीही तिच्याकडेच येत, कारण तिच्या हातून बांगडी सहसा पिचत नसे. त्याच उजव्या हाताच्या मनगटात लिंबाएवढी गाठ आली होती.

डॉक्टरांनी मला पाहिलं आणि सांगितलं, "हाडाचा कर्करोग आहे. हात कोपराच्या वरून काढावा लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल."

लालबीचा नवरा बद्रुद्दीन खाली मान घालून म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, सायेब."

लालबीने मात्र आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. मग म्हणाली, "सायेब, राग मानू नका. बांगडी घ्यायची तरी बाई दोन दुकानं हिंडती. मला तर हात द्यायचा हाय. आनखी एकाला दाखवू का?"

बद्रुद्दीन दचकला. डॉक्टरांना असं कोणी विचारत नसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दाखवा. पण आठ दिवसांच्या आत," ते म्हणाले. त्यांनी मुंबईच्या एका जाणत्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि मनगटाच्या क्ष-किरण फोटोबरोबर मलाही लालबीच्या हवाली केलं.

काच सांभाळणं हा तर तिचा धंदाच. तिने मला कापसात गुंडाळलं, भोवती भाताचा पेंढा दाबला आणि बांगड्यांच्या खोक्यात ठेवलं. रेल्वेत ते खोकं तिने मांडीवरून खाली ठेवलं नाही. वाटेत बद्रुद्दीन म्हणाला, "त्यांनीबी तेच सांगितलं तर?"

"तर कापू," लालबी म्हणाली. "पर मग माजं मन मला खाणार न्हाई."

मुंबईचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी मला दोन दिवस ठेवून घेतलं. कधी मला पाहत, कधी फोटो पाहत, पुन्हा माझ्याकडे वळत. शेवटी त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"ही गाठ फसवी आहे. कर्करोगासारखी दिसते, पण तो नव्हे. हात कापू नका. गाठ खरवडून काढायची आणि तिथं कमरेच्या हाडाचे तुकडे भरायचे. मात्र ती पुन्हा उगवू शकते, तेव्हा दर सहा महिन्यांनी दाखवत राहा."

लालबीने हात पदराखाली घेतला आणि डोळे मिटले. बद्रुद्दीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शस्त्रक्रिया झाली. मनगट जन्माचं ताठ झालं, ते वळेना. लालबी डाव्या हाताने बांगडी सरकवायला शिकली. दोन वर्षांनी गाठ पुन्हा उगवली, पुन्हा खरवडली. त्यानंतर आली नाही.

मी तर मुंबईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आधीच पुण्याला परतले होते. पहिल्या डॉक्टरांनी दार लावून मला पुन्हा पाहिलं. मग माझ्या कडेला चिकटवलेल्या कागदावरचं 'कर्करोग' एका रेघेने खोडलं आणि खाली खरं नाव लिहिलं. पुढे दरवर्षी ते मला विद्यार्थ्यांपुढे धरून म्हणत, "ही मी पाहिली होती, आणि चुकलो होतो. कोणी दुसऱ्याला दाखवतो म्हणालं, तर आपल्या हाताने चिठ्ठी लिहून द्या."

ते निवृत्त झाले. आता मला कोणी बाहेर काढत नाही. माझा गुलाबी रंग फिकटला आहे.

मित्रांनो, कधी हे कपाट आवरायला आलात, तर माझ्यावरची धूळ जरूर पुसा. तेवढा तो खोडलेला शब्द मात्र राहू द्या.