नकलेच्या वहीतले अर्धे कोरे पान

मित्रांनो, मी एक जुना कॉपी प्रेस आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझी जात पाहिलेली नसणार, म्हणून आधी रूप सांगतो. खाली एक जाड लोखंडी पाट, वर दुसरा तसाच पाट, मधोमध मळसूत्राचा दांडा आणि त्यावर आडवी मूठ. मुठीच्या दोन्ही टोकांना पितळी गोळे होते. त्यातला एक कुठे गेला देव जाणे. मूठ फिरवली की वरचा पाट खाली येतो आणि मधे जे असेल ते दाबतो. मला एवढेच येते, पण तेवढे मी मनापासून करतो.

माझा जन्म विलायतेतला. लोखंड ओतणाऱ्या एका कारखान्यात माझ्यासारखे शेकडो जण एका दिवसात तयार होत. आगबोटीने मुंबई, तिथून आगगाडीने ग्वाल्हेर आणि मग मुरारच्या छावणीतली साहेबांची एक पेढी, असा माझा प्रवास झाला. ती पेढी बंद झाली तेव्हा तिच्यातले कारकून पांडुरंगराव मला आपल्याबरोबर ग्वाल्हेरच्याच लष्कर नावाच्या वस्तीत घेऊन आले. माधवगंजात, देवळासमोरच्या एका खोलीत, त्यांनी इंग्रजी पत्रे लिहून देण्याचा उद्योग मांडला. सगळे त्यांना पंत म्हणत. मीही मनातल्या मनात पंतच म्हणत असे.

माझे काम काय, ते ऐका. त्या काळी कचेरीचे पत्र एका खास शाईने लिहीत. पत्र लिहून झाले की पंत नकलांच्या वहीचे एक पातळ पान ओल्या फडक्याने टिपून घ्यायचे, त्याला पत्र लावायचे, वही मिटून माझ्या पोटात ठेवायचे आणि मूठ आवळायचे. मग एकवीस वेळा रामनाम घ्यायचे. बावीस झाले तर शाई पसरते, एकोणीस झाले तर अक्षर पुसट उठते, असा त्यांचा हिशेब होता. मूठ सैल केली की पत्राची हुबेहूब नक्कल वहीत उमटलेली असे. खरे पत्र टपालाने जाई आणि नक्कल आमच्याकडे राही.

पंतांचे इंग्रजी पत्र म्हणजे पाहत राहावे. उजवीकडे वर गाव आणि तारीख, डावीकडे कचेरीचे नाव, खाली ‘सर’, मग मागच्या पत्राचा नंबर, मग काम आणि शेवटी ते लांबलचक ‘आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. एक पत्र, एक काम, असा त्यांचा नियम होता. कामाबाहेरचा एक शब्दही ते पत्रात शिरू देत नसत. एकदा सराफ्यातले एक शेठ कानपूरच्या कंपनीला घोंगड्यांची मागणी कळवताना, आपल्या मुलीचे लग्न ठरल्याचेही लिहा म्हणून हट्ट धरून बसले होते. पंतांनी ते गाळले. घोंगड्या आठ दिवसांत आल्या. तेव्हापासून सगळ्या लष्करात बोलले जाऊ लागले की पंतांचे पत्र परत येत नाही. पंतही हे ऐकून खूश होत आणि खरे सांगतो, मीही फुगत असे. लोखंडालाही गर्व होतो.

सगुणाबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या १९१७च्या आषाढात. त्या एका शिपायाच्या विधवा. त्यांचा एकुलता एक मुलगा कान्होजी लढाईत पलटणीबरोबर खेचरे हाकायला म्हणून समुद्रापार गेला होता. त्याचा एक सोबती दर महिन्याला त्याच्या नावाने एक कार्ड लिहून धाडत असे. चैत्रापासून कार्डे बंद झाली. पोर जिवंत आहे की नाही आणि असलाच तर कुठे आहे, एवढेच त्या माउलीला हवे होते. मुंबईच्या ज्या कचेरीत अशा चौकशा होत, तिथे इंग्रजीत लिहावे लागते असे तिला कुणी तरी सांगितले होते.

पंतांनी नाव विचारले, नंबर विचारला, पलटण विचारली आणि बोरू चालवायला सुरुवात केली. बाई जमिनीवर बसून बोलतच होत्या. त्यांनी सांगितले की कान्होजी सात वर्षांचा असताना दसऱ्याच्या सलामीच्या तोफांच्या फार जवळ जाऊन उभा राहिला आणि त्याचे कान गेले.

“पंत, हे जरूर लिहा,” त्या म्हणाल्या. “डाव्या कानानं त्याला बिलकुल ऐकू येत नाही, उजव्यानं थोडंसं येतं. कुणी आवाज दिला तर तो जवाब देत नाही. लोकांना वाटतं, पोरगा घमंडी आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कानाशी तोंड नेऊन बोलायचं. मग तो सगळं नीट सांगतो.”

“बाई, ही सरकारी चिठ्ठी आहे,” पंत म्हणाले. “तिथे नाव, नंबर, पलटण, बस, इतकंच वाचतात. कान न् खांदे लिहिले तर साहेब लोक हसतील.”

“हसू द्या नं. पण लिहा.”

पंतांनी मान हलवली. सहा ओळींचे पत्र पूर्ण केले, खाली ते लांबलचक वाक्य लिहिले, आणि बाईंचा अंगठा घेतला. बाईंनी विचारले, कानाचे लिहिले नं? पंत म्हणाले, सगळे आले त्यात.

मित्रांनो, ते आले नव्हते. मी पत्र पोटात घेऊन दाबले तेव्हाच मला कळले. पण माझ्यासारख्याने काय करावे? जे दिले ते मी दाबतो. स्वतःहून एक टिंबसुद्धा उमटवणे माझ्या हातात नाही. पंतांच्या मनात पाप नव्हते, हेही सांगतो. पत्र नीटनेटके दिसले तर साहेब ते लवकर हातात घेतील आणि बाईंचे काम होईल, असे त्यांना अगदी आतून वाटत होते. घोंगड्यांच्या वेळी तसेच झाले होते ना!

श्रावणात उत्तर आले. या नावाचा माणूस आजाऱ्यांच्या यादीत नाही आणि मेलेल्यांच्याही नाही, चौकशी चालू आहे. पंतांनी दुसरे पत्र लिहिले. बाईंनी पुन्हा खांद्याचे सांगितले, पंतांनी पुन्हा मान हलवली. भाद्रपदात तिसरे गेले. दर वेळी बाई मुरारहून पायी यायच्या, पत्र माझ्या पोटात जायचे तेव्हा हात जोडून उभ्या राहायच्या. मी देवाचे काही यंत्र आहे असे त्यांना वाटत असावे. एकदा तर त्यांनी माझ्या पाटाला हळदकुंकू लावले. पंतांनी ते पुसले नाही. मला मात्र ते फार जड झाले, आणि वजनाच्या बाबतीत मी काही नाजूक नाही.

दसऱ्याच्या आधी चार दिवस कचेरीचे तिसरे उत्तर आले. या वेळी त्यात एक प्रश्न होता. काही आजारी माणसे बोटीतून उतरवली आहेत, तापाने किंवा डोक्याच्या माराने त्यांना आपले नाव सांगता येत नाही, त्यांचे कागदही हरवले आहेत. तरी आपल्या माणसाची काही शारीरिक खूण किंवा विशेष सवय असल्यास त्वरित कळवावी.

पंतांनी ते पत्र दोनदा वाचले. मग त्यांनी बाईंची वाटही पाहिली नाही. कोरा कागद ओढला आणि सगळे लिहिले. तोफ लिहिली, डावा कान लिहिला, उजवा खांदा लिहिला, खांद्यावर हात ठेवून कानाशी कसे बोलायचे तेही लिहिले. पत्र दोन पानांचे झाले. अक्षर वाकडे आले, एक ओळ खोडली गेली, तरी त्यांनी ते पुन्हा उतरवून काढले नाही. माझी मूठ आवळली आणि रामनाम सुरू केले, पण ते मोजायचे विसरले. किती तरी वेळाने मूठ सोडली तेव्हा वहीतली शाई पसरून अक्षरे काळीभोर झाली होती. ओठातल्या ओठात पंत तेच नाम घेत टपालकचेरीकडे धावत गेले. त्यांना धावताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

उत्तर दिवाळीच्या तोंडावर आले. बाई नेमक्या समोर बसलेल्या होत्या. पंत एकेक वाक्य वाचून त्याचे मराठी करून सांगू लागले.

कचेरीने लिहिले होते की आपण वर्णन केल्यासारखा एक तरुण, नाव अज्ञात, श्रावणअखेरीस मुंबईच्या इस्पितळात दाखल झाला होता. त्याला ताप होता, डोक्याला जखम होती. त्याची खाट अशी होती की उजवीकडे भिंत येई आणि सगळे त्याच्याशी डावीकडून बोलत. तो कुणालाच उत्तर देत नसे, म्हणून तो मुका-बहिरा असल्याची नोंद झाली. मात्र जवळ कुणी आले की तो धडपडून वळायचा आणि आपला उजवा खांदा पुढे करायचा. याचे कारण कुणाला समजले नाही. आपले पत्र पोहोचण्याच्या नऊ दिवस आधी त्याचा अंत झाला. त्याच्यावर त्याच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार केला आहे. कळवण्यास अत्यंत खेद होतो. आणि खाली तेच लांबलचक वाक्य, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट.

सगुणाबाई रडल्या नाहीत. त्या भिंतीला टेकल्या. मग त्यांनी पंतांना ते खांद्याचे पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि ऐकता ऐकता स्वतःचा उजवा खांदा हाताने धरला.

“त्या साहेबानं आपली पहिली चिठ्ठी नीट वाचलीच नाही, पंत,” त्या म्हणाल्या. “खांद्याचं तर आपण आषाढातच लिहिलं होतं.”

मित्रांनो, इथे पंतांना गप्प बसता आले असते. बाईंना इंग्रजी येत नव्हते. दोष आपोआप दूरच्या माणसाच्या माथी गेला होता आणि कुणालाही कधीही काही कळले नसते. साक्षीला होतो मी, आणि मला तोंड नाही. पण पंत उठले. त्यांनी माझ्याशेजारची नकलांची वही उचलली, आषाढातले पान काढून बाईंसमोर जमिनीवर ठेवले आणि त्यांच्यापुढे खाली बसले. कुठल्याही अशिलापुढे ते असे जमिनीवर बसल्याचे मला आठवत नाही.

“त्यांची चूक नाही,” ते म्हणाले. “मीच लिहिलं नव्हतं. तिन्ही वेळा लिहिलं नाही.”

बाईंनी पानाकडे पाहिले. त्यांना त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. पण सहा ओळी कुठे संपल्या ते दिसायला अक्षरओळख लागत नाही. अंगठ्याच्या खाली अर्धे पान कोरे होते. बाईंनी त्या कोऱ्या भागावर तळहात ठेवला.

“इथं जागा होती की, पंत,” त्या म्हणाल्या.

एवढे बोलून त्या उठल्या, पदर सारखा केला आणि मुरारच्या रस्त्याला लागल्या. पुन्हा त्या आमच्या खोलीत आल्या नाहीत. पुढच्या दसऱ्याला तोफा सुटल्या तेव्हा पंतांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

त्यानंतर पंत बदलले. येणाऱ्याचे सगळे बोलणे ते लिहू लागले. सरकारी अर्जात म्हशीचे दुखणे येई, मालाच्या मागणीत जावयाचा स्वभाव येई. पत्रे चार-चार पानांची होऊ लागली. व्यापाऱ्यांना हे कसे चालणार? ‘पंत सटकले’ असे म्हणून ते एकेक करून दुसरीकडे गेले. पुढे टाइपरायटर आला, त्याच्याबरोबर कार्बनचा काळा कागद आला, आणि पत्र लिहितानाच नक्कल निघू लागली. माझी मूठ फिरवायचे कुणाला कारण उरले नाही. तरी पंत मला पुसत, मळसूत्राला तेल देत. मी मात्र त्यांच्याकडे पाहायचे टाळत असे. सगळे जाणून पोटात ठेवणारा मीही त्यांच्याइतकाच दोषी होतो.

पंत गेले आणि खोली रिकामी झाली. नकलांच्या वह्या एका कासाराने नेल्या. कागद पातळ होता, काचेच्या बांगड्या गुंडाळायला बरा. त्या आषाढातल्या पानात कुणाच्या बांगड्या गुंडाळल्या गेल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मी काही वर्षे एका ओसरीत पडून होतो. पावसाचे पाणी अंगावर यायचे, मांजरी येऊन झोपायच्या. अखेर गोविंदाने मला उचलून आणले. तो वह्या-पुस्तके बांधतो. आता मी तुमच्याच शाळेच्या वह्या दाबतो, तेव्हा कुठे डिंक नीट बसतो.

पुन्हा लढाई लागली आहे म्हणे. दुकानावरून बायका टपालकचेरीकडे जाताना दिसतात. कुणाच्या हातात कार्ड असते, कुणाच्या नुसता मुठीत चुरगळलेला पत्ता. एखादी दुकानात डोकावून विचारते, इथे कुणी इंग्रजी लिहून देते का? तुमच्यातले कितीतरी जण आता इंग्रजी शिकतात. उद्या एखादी सगुणाबाई तुमच्यापुढेही येऊन बसेल.

मित्रांनो, माझे मळसूत्र गंजले आहे. येता-जाता कुणी दोन थेंब तेल दिलेत तर बरे वाटेल, नाही दिलेत तरी माझे रडगाणे नाही. पण कुणी तुमच्यापुढे बसून ‘हे जरूर लिहा’ म्हणाले, तर तेवढे लिहा. मग तुमचे पत्र वेडेवाकडे दिसले, कुणी हसले, तरी लिहा. वह्या बांधायला येतात तेव्हा तुमची कोरी पाने माझ्याखाली येतात. लिहिलेल्या पानांइतक्याच जोराने मी तीही दाबतो. आजवर एकाही कोऱ्या पानातून मला काही उमटवता आलेले नाही.