चौथ्याचं दुखणं

विसरवाडीच्या वाटेवर गाडी थांबवून ड्रायव्हर पितांबरने हाताला फडकं गुंडाळलं आणि चालू इंजिनच्या पहिल्या प्लगची वायर ओढून काढली. इंजिन आणखीच अडखळलं. म्हणजे पहिला सिलिंडर पेटत होता, ठीक होता. वायर परत बसवून त्याने दुसरी काढली, मग तिसरी. दर वेळी गाडी आचके देऊन बंद पडायच्या बेताला आली. चौथी काढली तर काही फरकच नाही! आधीसारखीच फट्... फट्... खुळूक.

"चौथाच शे," तो पुटपुटला.

आणि काल दुपारीच नंदुरबारला त्याने या चौथ्याला नवाकोरा प्लग बसवला होता. तिथून धानोऱ्याला, थेट घरच्या अंगणापर्यंत, गाडी कशी पाण्यासारखी आली होती. एका रात्रीत हिला कुणाची दृष्ट लागली?

मोटारीचे मालक दलसिंगआप्पा पुढच्या सीटवरून उतरले नाहीत. आज ते मुद्दाम बरोबर आले होते. गाडी इतक्यांदा वाटेत बसली होती की उतारू पुन्हा बैलगाड्या जुंपायला लागले होते. विसरवाडीला सुरतेचा भंगारवाला येऊन थांबला होता. तिथवर धड पोचली तर ठेवायची, नाहीतर त्याला देऊन मोकळं व्हायचं, असं आप्पांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. गाडी गेली की पितांबरच्या हाती पुन्हा दुसऱ्याच्या वावरातलं औत.

"पितांबर, हाऊ तांबडा दिवा काबर लुकलुकी ऱ्हायना?"

"तो डायनामोना शे, आप्पा. इंजिन मंद फिरनं का लुकलुकस. त्याले काय समजस चौथानं दुखणं."

"बैलले निदान चाबूक तरी दाखाडता येस!" मागून रेवजी नावाचा उतारू म्हणाला आणि सगळी मोटार हसली. पितांबरला मात्र हसू येईना.

त्याने इंजिन बंद केलं. निवेपर्यंत थांबायला सवड कुठली? फडकं सोडून त्याने तसाच पाना घातला आणि तळहात तापलेल्या नळीला चिकटला. कातडी चरचरली, पण गडी 'हाय' म्हणाला नाही. असल्या डागांनी त्याचे दोन्ही हात भरले होते. दर वेळी त्याची बायको कौसाबाई हळद आणायला उठायची आणि दर वेळी तो हात मागे घ्यायचा. "ऱ्हाऊ दे. काही नही व्हत." मग ती बिचारी डबा परत फळीवर ठेवायची. जेवताना त्याच्या तोंडात गोष्टी फक्त मोटारीच्या. कालही तेच.

"चौथा आजारी व्हता. नवा प्लग टाका. आते बरा व्हई का नही, सकाय देखसूत."

भाकरी थापता थापता तिने विचारलं होतं, "चौथा म्हंजे कोणता?" ती कधी नव्हे ते विचारतेय, याचाच त्याला केवढा आनंद! कंदील घेऊन, इंजिनचं झाकण उघडून त्याने तिला चौथा दाखवला होता.

प्लग बाहेर आला. त्याची पांढरी चिनीमाती पिवळीजर्द झाली होती. पितांबरने नखाने खरवडून जिभेला लावलं. हळद. वर मीठ. मिठामुळे लेप अजून ओलसर होता. वरून आलेली ठिणगी खाली जायची सोडून त्या ओल्या मिठावरूनच लोखंडात उतरत होती. चौथा पेटणार कसा?

आधी त्याला सणकून राग आला. या बाईने आज पोटावरच पाय आणला होता की! मग पहाटेच्या अंधारात इंजिनला लेप लावणारी कौसाबाई डोळ्यांपुढे आली, तसं त्याला हसू फुटलं. धोतराच्या सोग्याने त्याने प्लग हलक्या हाताने पुसला.

"काय सापडनं?" आप्पांनी विचारलं.

"कचरा व्हता, आप्पा."

हँडल मारलं. चारही एका सुरात बोलू लागले. चढ आला नि गेला. विसरवाडीला भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. आप्पा खाली उतरले आणि त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नही इकनी."

दिवस मावळायच्या आत गाडी अंगणात आली. कौसाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर धावली.

"चौथा बरा व्हयना का?"

"एकदम बरा."

"मी पहाटे हळदमीठ लाई दिन्हं व्हतं. तुम्ही रागवशात म्हनीसन नही सांगं." तिचा चेहरा नुसता फुलला होता.

ठिणगी, मीठ, लोखंड, सगळं त्याच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"बरा व्हयना ना, आते त्याले लावू नको."

"बरं," ती म्हणाली. तोंड एवढंसं करून ती आत वळली.

पितांबर ओट्यावर टेकला. त्याने मूठ उघडली. तळहातावर फोड टरारला होता.

"ऐकस का वं? हळदना डबा आन. आते हाऊ आजारी शे."

ती दारातच थबकली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग हाताकडे. डबा घेऊन आली, पण जवळ बसल्यावर घुटमळली.

"मीठ टाकू का? झोंबी बरं."

"टाक. चौथाले गुण उना ना?"

लेप लागला तशी मिठाने आग आग झाली. डोळ्यांत पाणी आलं, पण पितांबरने हात मागे घेतला नाही.