लग्नाआधीचा शालू

"पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या ना, डॉक्टरसाब. मग डोळा काय, मुंडकं काढा!" प्रतापराव हसले.

डॉक्टर हसले नाहीत. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, प्रेमलताबाईंनी, मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"काकाजी, रोग डोळ्याचा नाहीच," तुकोगंजातले ते तरुण डॉक्टर म्हणाले. "नाकाशेजारच्या पोकळीतला कॅन्सर आहे. तिथून डोळ्याच्या खोबणीत शिरलाय. पुढे मेंदू. लग्नापर्यंत थांबता येणार नाही. डोळा काढावाच लागेल."

प्रतापराव पोलोग्राउंडच्या कारखान्यात सुतार. आधी होळकरांच्या, आता नव्या मध्यप्रदेशाच्या कचेऱ्यांसाठी टेबल-खुर्च्या घडवत आलेले. वर्षभर डावी नाकपुडी बंद, मधूनच रक्त. सुताराचं नाक भुशानं चोंदायचंच, म्हणून बाई ओव्याची पुरचुंडी हुंगायला देत राहिल्या. दुखणं मात्र आतल्या आत चालत गेलं, चौकटीत वाळवी चालते तसं. आणि एक दिवस मागून कुणी ढकलावा तसा डोळाच पुढे आला.

रस्त्यावर येताच प्रतापरावांचं हसू गळालं.

"काणा बाप मांडवात? देपालपुरची व्याही मंडळी तोंड फिरवतील. पोरीला नवरी झालेली मी दोन्ही डोळ्यांनी बघणार. बस, हो गया."

"आणि पोर माहेरपणाला येईल, तेव्हा दार कोण उघडील?" बाई म्हणाल्या.

प्रतापराव पुढे चालू लागले. हो म्हणाले नाहीत.

 शेवटी बाईंनी शालिनीला सगळं सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आई, शालू कुठंय?"

सकाळी ती नेसून आली. ना मुंडावळ्या, ना चुडा, केससुद्धा ओले.

"बघून घ्या, बाबा. दोन्ही डोळ्यांनी. मग दवाखान्यात चला. मांडवात कोण तोंड फिरवतं, ते मी बघते."

"पागल झालीस का गं? लग्नाआधी शालू नेसतात का?"

"मग बापाशिवाय नेसतात का?"

प्रतापराव तिच्याकडे बघत राहिले. महिनाभर त्यांना सगळं दोन-दोन दिसत होतं. एक दिसायला आजारी डोळ्यावर तळवा धरावा लागे. आता हात वर जाईल, असं बाईंना वाटलं. हात मांडीवरच राहिला.

"अहो, तो डोळा झाका ना. नीट दिसेल."

"नको," ते म्हणाले. "दोन शालिनी आहेत. राहू दे दोन्ही."

बाई आत गेल्या आणि दवाखान्याची पिशवी भरायला बसल्या. सावकाश, एकेक कपडा पुन्हा पुन्हा घडी घालत, त्यांचं बघून होईपर्यंत.