एकशे एकोणपन्नास पायऱ्या

खोडरबराचा झिजून गोल झालेला कोपरा... तो अंगठ्यानं चोळत मारोतराव आखलेल्या चौकटीकडे बघत राहिले — आडवा शब्द सात, पाच अक्षरं, मुसी नदीकाठचं शहर. इतकं सोपं दिलं तरी मोबाइल काढतील लेकाचे! पांढरकवड्याच्या वाचनालयात दर शनिवारी फळ्यावर लागणारं त्यांचं 'शहर ओळखा' हे कोडं गेली अकरा वर्षं हेच मोबाइलवाले सोडवत होते, आणि बक्षिसाचं पेन खिशाला लावून गावभर हुशार म्हणून मिरवत होते.

बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. प्रवास करून आलेल्यांची तर त्यांना कीव — नव्हे, किळसच येई. शेजारच्या विमलताई म्हैसूरला जाऊन आल्या आणि सांगितलं काय, तर तिथली इडली मऊ असते! एवढ्यासाठी हजार किलोमीटर? मला विचारा, राजवाडा कधी जळला, कधी बांधला, घरबसल्या सांगतो. घरबसल्या... हो, त्यात लाज कसली? बायको होती तेव्हा दर दिवाळीत म्हणायची, कुठंतरी जाऊ या. मी नकाशा उघडून तिला गाव दाखवायचो. ती गावाऐवजी माझ्या बोटाकडेच बघत बसायची, मूर्ख बाई.

कोडं फळ्यावर लावण्याआधी ते लालसिंगवर वापरून बघत. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी भरून होईपर्यंत हा ड्रायव्हर वाचनालयाच्या ओट्यावर बसे. अठरा वर्षं हैदराबादच्या खेपा. त्याला उत्तर आलं नाही की प्रश्न पक्का.

"चारमिनारला पायऱ्या किती रे?"

"मले काय मालूम, गुरुजी? दिवसा आमची गाडी शहरात घुसूच देत नाही. भायेरच माल खाली केला, का वापस."

"एकशे एकोणपन्नास." अठरा वर्षं! गाढवाला गुळाची चव काय...

लालसिंग मात्र भारावून बघत होता. "एवढ्या पायऱ्या मोजल्या तुमी! मंग सांगा ना, वर चढलं का काय दिसते? सोमवारी पायलले घेऊन जाऊन राह्यलो. पोरगी रोज विचारते, मले सांगता येत नाही."

मी कधीच गेलो नाही. म्हणायला चारच शब्द होते.

"गोवळकोंडा दिसतो," मारोतराव म्हणाले. "आणि मुसीचं पाणी... उन्हात चकाकतं. वारा असतो फार."

"वा! तिले सांगतो, गुरुजीनं सोता पाह्यलं हाय."

तो गेला. सोमवारी ती पोरगी चढणार, बापाचा हात धरून धापा टाकत वर पोचणार, आणि शोधणार — कुठं आहे पाणी? दिसतं का खरंच तिथून? कुठल्याच पुस्तकात हे दिलेलं नव्हतं. आदिलाबादच्या अलीकडेच टायर फुटावा, असं त्यांच्या मनात आलं. आलं आणि गेलं नाही. फुटावा, इंजिन बसावं, गाडी अर्ध्या रस्त्यातून परत फिरावी... एका पोरीचं फिरणं मोडावं म्हणून मी इथं बसून देवाला साकडं घालतोय, हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि तरी ते अगदी मनापासून घालत होते.