तीन रकाने

टक् – चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता तेवढ्यापुरती तडकली. सुचेताने खिडकीच्या ग्रिलमधून वायर आत ओढली. बाहेर कंपाउंडमध्ये बॅटरीची स्कूटर, निळ्या कव्हरखाली. पाच आठवडे तिला कुणी हात लावलेला नाही. पण चार्ज केली नाही तर बॅटरी मरते, म्हणून दर गुरुवारी...

"अगो, कोणी चालवीत नाय, तर वीज कशाला पाजतेस तिला?" शेजारच्या विमलाबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या. सुचेता हसल्यासारखं करून आत वळली. कशाला – ते तिला तरी कुठे ठाऊक होतं.

स्कूटरची निवड तिचीच. बी.एस्सी.चं फिजिक्स इतक्या वर्षांनी कामाला आलं म्हणून किती हरखली होती ती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तीन रकाने – पेट्रोल : धूर, अनुष्काचा खोकला. हायड्रोजन : मागून नुसतं पाणी, "मग चहाचं आधण गाडीखालीच ठेवू," यतीन म्हणाला होता, आणि दोघं हसत सुटले होते... पण हायड्रोजन आधी विजेनेच बनवायचा, मग तीच वीज सरळ बॅटरीत का नको? आणि हायड्रोजनचा पंप कुठे, तिकडे लांब वरसाव्याला? बॅटरी : धूर नाही – म्हणजे आहे, पण लांब, कुठल्यातरी वीजकेंद्राच्या धुराड्यातून दुसऱ्याच कुणाच्या मुलीच्या छातीत... ते तिने लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं : आवाज नाही. खाली दोन रेघा.

आणि अनुष्काचा खेळ जुन्या, पेट्रोलच्या स्कूटरच्या वेळचा – फाटक वाजलं की खांबाआड लपायचं, इंजिन थांबून सगळं शांत झालं की "भॉ" करून बाबांपुढे उडी मारायची. त्या संध्याकाळी फाटक वाजलं, नव्या स्कूटरवरून यतीन आत आला. मग सगळं शांतच होतं... सहा वर्षांच्या पोरीने उडी मारली.

मला कसं सुचलं नाही हे? मला?

अनुष्काचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. सरळ होईल की आखूड राहील, ते डॉक्टर आज चारला सांगणार. आणि यतीन – तो त्या दिवसापासून लेकीशी बोललेलाच नाही. सकाळी तिच्याच पलंगापाशी बूट घालत, तिच्याकडे न बघता, "सुचेता, तिला सांग, चारला डॉक्टरकडे जायचंय."

"आई, बाबांना सांग, मला माहितीय."

ती झोपलेली असली की मात्र प्लॅस्टरवर हात ठेवून बसतो. ती जराशी हलली की उठून जातो. दोष दोघांत वाटला गेलाय असंच सुचेता धरून चालली होती – निम्मा त्याच्या हातांचा, निम्मा त्या दोन रेघांचा.

वायर गुंडाळत ती पलंगाच्या कडेला टेकली. अनुष्का भिंतीकडे तोंड करून होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी अजून नीट कान देऊन ऐकलं असतं, तर आला असता का गं आवाज?"