वहिनीची विनवणी

माझी वहिनी एर्मिंडा चोवीस वर्षं आमच्या गावची नगरसेविका होती, आणि त्या चोवीस वर्षांत तिने स्वतःसाठी कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही. लोक तिला देवमाणूस म्हणायचे. मी हट्टी म्हणायचो. माझा भाऊ गेल्यापासून ती कड्यावरच्या लाकडी घरात एकटीच राहायची, पण सकाळी सातला तिच्या चुलीपाशी कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाला दवाखान्याच्या बोटीत जागा हवी, कुणाची विहीर खारी झालेली.

त्या हिवाळ्यात कडा ढासळायला लागला आणि समुद्र तिच्या मागच्या दारापासून बारा पावलांवर आला. महिन्याभरात सातच पावलं उरली.

चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर अशा वेळी माणसं घर सोडत नाहीत, घरच ओढून नेतात. खाली ओंडके सरकवायचे, बैलजोड्या जुंपायच्या आणि सगळ्या गावाने जोर लावायचा. त्याला मिंगा म्हणतात. पण मिंगेला कुणी आपणहून येत नाही. ज्याचं घर त्याने दारोदार जाऊन, समोर बसून, स्वतःच्या तोंडाने विनवायचं. समोरच्याने आढेवेढे घ्यायचे आणि मग हो म्हणायचं. हा मानपान वहिनीला काय ठाऊक नव्हता? दुसऱ्यांच्या विनवणीला तीच तर चिखल तुडवत सोबत जायची!

स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र बाईने रेडिओवर निरोप दिला. शनिवारी एर्मिंडा बारियाचं घर हलवायचं आहे, सवड असेल त्यांनी यावं.

"अगं वहिनी, हरवलेल्या गाईचा निरोप देतात रेडिओवर!" मी ओरडलो.

"दोन महिन्यांवर निवडणूक आहे, ओक्तावियो. नगरसेविका दारात उभी राहिली तर माणूस नाही कसं म्हणेल? तसं मला नको."

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

"तू तुझे बैल आण. बाकी मी बघते."

शनिवारी मी माझी जोडी घेऊन गेलो. निदान आठ जोड्या लागणार होत्या. आली ती माझी एकटीच. चाळीस माणसांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला, बटाट्याच्या भाकऱ्या गार पडलेल्या. सुताराने आदल्या दिवशीच घर पायावरून सुटं करून ओंडक्यांवर घेतलं होतं आणि सोमवारी वादळ येणार होतं. त्या वादळात हे घर टिकणार नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

वहिनी पायरीवर बसली. "चोवीस वर्षं, ओक्तावियो. एकसुद्धा माणूस आला नाही रे."

मला तिची कीव आली आणि तिचा रागही आला. "बोलावलंस कुणाला? बाल्दोमेरो काल दुकानात काय म्हणाला सांगू? आमच्या दाराशी यायला तिला कमीपणा वाटतो, म्हणाला."

"कमीपणा? मला?" ती ताडकन उठली आणि तशीच चालायला लागली. मी मागोमाग पळालो.

बाल्दोमेरो ओयार्सोचे बैल गावात सगळ्यांत दांडगे, आणि जीभही तशीच. त्याने आम्हाला बसवलं, सफरचंदाची घरगुती दारू, चिचा, ओतली आणि समोर बसला. वहिनीने घसा खाकरला. "तुमच्याकडच्या पुलाचं काम..."

"पूल राहू दे. नगरसेविकाबाई आल्यात की शेजारीण?"

वहिनीने हातातला पेला खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "शेजारीण. माझं घर समुद्रात चाललंय, बाल्दोमेरो. मला भीती वाटते. उद्या ये, मी विनवते तुला."

"माझे बैल थकलेत."

"तरी ये."

"डावा लंगडतोय हो."

"लंगडत येऊ दे."

आतून त्याची बायको ओरडली, "पुरे करा आता! कालपासून बैल घासूनपुसून ठेवलेत यांनी, बाई!"

बाल्दोमेरो ओशाळला. "येतो. पण आधीच सांगतो, मत देणार नाही. गेल्या वेळीही दिलं नव्हतं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली आणि खळखळून हसली. भाऊ गेल्यानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. अंधार पडेपर्यंत आम्ही सतरा घरं फिरलो.

रविवारी अकरा जोड्या आल्या. ओढ्याच्या उतारावर घर एकदा अडकलं. बाल्दोमेरोने सगळ्या बैलांना आईमाईवरून शिव्या घातल्या, दोरखंड ताणले आणि घर करकरत सुटलं. संध्याकाळी ते चर्चच्या मागच्या माळावर टेकलं. बशा तेवढ्या दोन फुटल्या.

सोमवारच्या वादळाने कडा धुऊन नेला. घराची जुनी जागाच उरली नाही. वहिनी मात्र गाढ झोपली होती.

मंगळवारी सकाळी सातला दारावर थाप पडली. बाल्दोमेरो होता, टोपी हातात घेऊन.

"बस. कोणता कागद अडलाय?" वहिनीने विचारलं.

"कागद नाही, बाई. गुरुवारी माझ्या कोठाराचं छप्पर घालायचंय. विनवायला आलोय."

चोवीस वर्षांत या दारी मिंगेचं बोलावणं कधी आलं नव्हतं. नगरसेविकेला कोण फळ्या उचलायला सांगणार? वहिनीने एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "माझे गुडघे दुखतात रे."

"तरी या."

"डावा तर फारच दुखतो."

"लंगडत या," बाल्दोमेरो म्हणाला.

ती हो म्हणाली, आणि डोळे पुसत त्याच्यासाठी चिचा ओतायला आत गेली.