बाबा फ्रेममध्ये आले

प्रज्योत पणजीहून आला तो फिल्मचं नाव ठरवूनच : ‘एका हाताची झुंज’. मी विचारलं, ‘झुंज कोणाशी?’ तो म्हणाला, ‘परिस्थितीशी.’ संकटांवर मात करणाऱ्या तरुणांवर तो पाच-पाच मिनिटांच्या फिल्म्स करत होता आणि पेडणे तालुक्यातून त्याला मी सापडले होते. समीक्षा, वय वीस, गाव कोरगाव, डावा हात कोपराखाली नाही.

असल्या कौतुकाचा मला मनस्वी राग येतो. तरी मी हो म्हटलं, कारण त्याला घरच्यांशीही बोलायचं होतं. मला वाटलं, निदान कॅमेऱ्यापुढे तरी बाबा बोलतील.

पाच वर्षांपूर्वी पेडण्याहून येताना वळणावर एका टेम्पोने आमची स्कूटर उडवली. बाबा चालवत होते, मी मागे बसले होते. तेव्हापासून बाबांनी माझ्या डाव्या बाजूला पाहिलेलं नाही. चालताना ते उजवीकडून चालतात. बसमध्ये मला खिडकी देतात, म्हणजे तो हात खिडकीकडे जातो आणि ते अलीकडे बसतात. लोकांना वाटतं, काय लेकीचे लाड! त्या दिवसाबद्दल मात्र घरात अवाक्षर नाही. हात गेल्याचं दुःख मी कधीच गिळलं. बाबांच्या गप्प बसण्याचं अजून गिळता येत नाही.

शूटिंगच्या दिवशी प्रज्योत यायच्या आधीच बाबा टोपली घेऊन काजूच्या बागेत पार वर गेले. ‘माका काम आसा,’ एवढंच म्हणाले. माझा चेहराच पडला.

खाली मी बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, बी वेगळी करत बसले. बी मुठीत धरायची, अंगठ्याने बोंडू पिरगळून ढकलायचा, झालं. आई दोन्ही हातांनी करते, तरी माझा ढीग तिच्यापेक्षा मोठा असतो. प्रज्योत वैतागला.

‘जरा हळू कर ना. थोडा त्रास होतोय असं दिसू दे.’

‘त्रास तूच देतोयस,’ मी म्हटलं.

मग त्याला झाडाखालचे बोंडू मळकट दिसायला लागले. कॅमेरा तसाच चालू ठेवून तो उठला आणि फांदीवरचा एक पिवळाधमक बोंडू त्याने खसकन ओढला. आमच्याकडे कोणी बोंडू तोडत नाही. तो पिकून आपला आपण पडतो, मगच वेचायचा. तोडलेल्याची बी पुरती भरलेली नसते. पण पणजीच्या माणसाला हे कोण सांगणार?

बाबांनी सांगितलं. वरून धडाधडा उतरत, ओरडत आले.

‘कोणी सांगल्यान तुका झाडावरचो बोंडू ओढूक? तो आपसूक पडाक व्हयो!’

ते थेट कॅमेऱ्यासमोर, माझ्या शेजारी उभे. प्रज्योत चाचरत म्हणाला, ‘सॉरी काका. तुम्ही कोण?’

‘मी हिचो बापूस.’

एवढं बोलून बाबा अडकले. निघून जातील असं वाटलं. पण ते तिथेच मटकन खाली बसले आणि हातातल्या टोपलीकडे बघत म्हणाले, ‘त्या दिसा स्कूटर मी चालवी होतंय. हिचो हात गेलो. माका फकत खरचाटला.’

प्रज्योतने कॅमेरा बंद केला नाही, हे त्याचे उपकार. मला रडू फुटलं. त्याला पाहिजे होतं तेव्हा येत नव्हतं, आता थांबेना.

महिन्याभराने पणजीत फिल्म दाखवली. नाव बदललेलं होतं : ‘समीक्षा आणि बाबा’. पडद्यावर माझा अर्धा हात चांगला खिडकीएवढा दिसत होता. मी चोरून बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालतील असं वाटलं होतं, पण ते शेवटपर्यंत बघत होते.

परतताना बसमध्ये बाबा आधी चढले आणि सरळ खिडकीशी जाऊन बसले. मला काही कळेना. मी शेजारी बसले, तेव्हा माझा डावा हात आमच्या दोघांच्या मध्ये आला. म्हापसा सोडल्यावर बस एका खड्ड्यात आदळली. बाबांनी पटकन तो हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

‘अजून दुखता गो?’

पाच वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

‘नाय बाबा. कधीतरी खाजता.’

ते हसले. खिडकी खरं तर मला हवी होती, पण मी हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.